सीडीची सावड

शेगावला स्टेशनकडून मंदिराकडे येताना डाव्या हाताला माझं दुकान आहे. टीव्ही, मोबाइल, स्पीकर आणि टीव्हीला जोडून खेळायचे गेमचे डबे. डब्याचं नवं मॉडेल निघून पाच वर्षं होत आली. पहिल्या महिन्यातच मी ते आणून काचेत लावलं, वरून दिवे सोडले, मागे पोस्टर चिकटवलं. लोक थांबतात, काचेला नाक लावून बघतात, पोरांना दाखवतात आणि आत येऊन विचारतात, "याच्या आधीचं आहे का?"

पाच वर्षं हेच ऐकतोय. डोकं फिरतं माझं. एक म्हणतो, स्वस्त पडतं. ठीक आहे, समजलं. दुसरा म्हणतो, आमच्या मामाच्या पोराकडे तेच आहे. अरे, मग मामाच्या घरी जाऊन खेळ ना! तिसऱ्याचं म्हणणं, तेच गेम जुन्यावर चालतात तर नव्यात निराळं काय? चौथ्याचं काहीच म्हणणं नसतं, त्याला फक्त जुनं हवं असतं. कंपनीने जुनं बनवणं बंद केलं, तर ही मंडळी वापरलेलं मागायला लागली. मग मी अकोल्याहून वापरलेले डबे आणतो, पुसून, फुंकून, दोन दिवस चालवून विकतो. घरच्यांनी हौसेने पुरणपोळी करावी आणि पाहुण्याने कालची भाकर मागावी, तसं वाटतं मला दर वेळी.

"विकल्या जाते ना? मंग तुमचं काय दुखते?" असं माझी बायको पुष्पांजली म्हणते. दुपारनंतर दुकानात तीही बसते. तिला धंदा कळतो, माझं दुःख कळत नाही.

पण या सगळ्यांत सोनाळ्याच्या गोजरबाईने मला जेवढं पिडलं, तेवढं कोणीच नाही. बाई पासष्टीची. नवरा वारलेला, थोडं वावर, आणि एकुलता एक मुलगा भागवत. हा भागवत गावच्या कबड्डीच्या टीमचा कॅप्टन होता. साडेतीन वर्षांमागे सोयाबीनच्या ट्रॉलीवरून पडला आणि कमरेखालून गेला. त्याच्यासाठी गोजरबाईने माझ्याकडून वापरलेला डबा नेला होता. तेव्हापासून गुरुवारी दर्शन झालं की ती माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. कधी वायर हवी, कधी रिमोट. त्याला कंट्रोलर म्हणतात हे मी तिला तीन वर्षांत शिकवू शकलो नाही.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी ती आली ती सरळ काउंटरपाशी.

"शेखर, डबा जयला. लाइन कमीजास्त झाली. तसाच दुसरा दे."

जळलेल्याच्या जागी द्यायला माझ्याकडे जुना डबा एकही नव्हता आणि असता तरी मी दिला नसता. मनात म्हटलं, आता जन्मभर एका जागी बसायची वेळ आलेल्या माणसाला तरी सगळ्यात चांगली वस्तू मिळायला नको का? मी काचेतलं नवं मॉडेल काढून तिच्यापुढे ठेवलं.

"मावशी, हे न्या. भागवत खूश होते का नाही पाहा."

तिने डबा फिरवून फिरवून पाहिला. "याच्यात सीडी कोठून घालाची?"

"सीडीचा जमाना गेला. सारं इंटरनेटवरून येते. सीडी आणा, पुसा, दुसऱ्याले द्या, ते सारं बंद."

"मले चालते ते सारं. जुना पाह्य ना एखादा."

तासभर मी त्या बाईशी डोकं लावलं. शेवटी भागवतलाच फोन लावला. तो म्हणाला, "द्या ना शेखरभाऊ, पाहू तं खरं." तेव्हा कुठे ती तो घेऊन गेली, तोंड पाडून.

पुढच्याच आठवड्यात भागवतचे दोन मित्र आले, दीपक आणि प्रज्वल. दोघेही तिशीतले, शेती करणारे, दोघांकडे माझ्याकडूनच नेलेले जुने डबे. मी त्यांना धरलंच. म्हटलं, भागवतकडे नवा आला, आता तुम्हीही घ्या. आपापल्या घरी बसून त्याच्याशी खेळा, कानाला लावून बोला. रोज उठून त्याच्या घरी जायचं काम नाही. जुने डबे आणि सीड्या मला द्या, तेवढी सूट घ्या. दोघांना पटलं. महिनाभरात एकट्या सोनाळ्यात माझे तीन नवे डबे गेले. मी पेढे आणले. पुष्पांजलीला म्हटलं, जमाना बदलतो, फक्त सांगणारा पाहिजे.

मग एका गुरुवारी भर गर्दीत गोजरबाई आली. पातळाच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं तिने काउंटरवर ठेवलं आणि सोडलं. आत नवा डबा.

"हे ठेव. जुना दे."

"काऊन? बिघडला का?"

"नाई. चांगला हाय."

"भागवतले आवडला नाही?"

"आवडला. लय आवडला."

"मंग?"

"मंग काई नाई. जुना दे."

आता याला काय उत्तर द्यायचं? वस्तू चांगली आहे, आवडली आहे आणि परत घ्या! दुकानातली माणसं हसायला लागली. मी आवाज चढवला. म्हटलं, मावशी, महिनाभर वापरलेला माल परत घेत नाही, तसा नियम आहे.

"तुहा नियम तुह्यापाशी ठेव, आन हे बी ठेव." तिचाही आवाज चढला. "त्या दोघाइच्या गळ्यात बी हेच मारलं ना तुनं? माह्या घरचा रस्ता बंद केला."

"मी का तुमच्या रस्त्यावर काटे टाकले का?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. काहीतरी बोलणार होती. मग आजूबाजूच्या लोकांकडे नजर गेली आणि तोंड मिटलं. डबा तिथेच सोडून ती बस गाठायला निघून गेली. मी संध्याकाळपर्यंत धुसफुसत होतो. एका गिऱ्हाइकाने जुन्या डब्याची चौकशी केली तर त्याच्यावरच खेकसलो.

"दीपकचा जुना डबा पडला आहे ना आपल्यापाशी? नेऊन द्या आन मोकळे व्हा," पुष्पांजली म्हणाली. "बाई एवढी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरून येते, काही तरी असंन ना."

"काही नाही. हेका आहे नुसता."

तरी रविवारी दुकान तिच्यावर सोडून मी व्हॅन काढली. दीपकचा जुना डबा मागच्या सीटवर. वरवट बकालला चहा घेतला, तोही कडू लागला. पुढे कपाशीच्या वावरांमधून रस्ता सरळ सातपुड्याकडे जातो. त्या रस्त्यावर मी मोठमोठ्याने बोलत होतो. मावशी, तुमच्यासाठी मी दुकान सोडून आलो. मावशी, तुम्ही माझी चारचौघांत इज्जत काढली. मावशी, आता हा शेवटचा डबा, यापुढे माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही. अशी वाक्यं मी पाठ करत होतो. आता आठवलं की लाज वाटते.

चारच्या सुमारास पोचलो. दार उघडंच होतं. समोर टीव्ही, बंद. त्याच्यापुढे खुर्चीत भागवत. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. हा एवढा छातीचा गडी, पण खुर्चीत एका अंगाला कलंडलेला, जसं कोणी घाईत ठेवून गेलं असावं. मला पाहून त्याने हाताने स्वतःला सरळ करायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"या शेखरभाऊ, बसा," असं म्हणून तो हसला.

आतून गोजरबाई आली. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य काढणार, तेवढ्यात तिने माझ्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला.

"आला ते बरं झालं. चप्पल काढ. त्याच्या बगलेत हात घाल."

"काय?"

"हात घाल म्हनते ना! मी पाय धरते."

माझं तोंड उघडंच राहिलं, पण हात पुढे झाले. दुकानात मी मोठमोठे टीव्ही एकट्याने उचलतो, त्याचा मला गर्व आहे. भागवतला उचलताना मला दोनदा थांबून पकड बदलावी लागली. माणूस उचलणं फार वेगळं. खोक्याला संकोच वाटत नाही. भागवतने सगळा वेळ मान भिंतीकडे वळवून ठेवली होती. आम्ही त्याला खाटेवर घेतला, तिने त्याला कुशीवर वळवला, सदरा वर केला. कमरेच्या वर तळहाताएवढा लाल चट्टा, मधे कातडी सोललेली. तिने त्यावर मलम लावलं. तिची कंबर वाकली ती नीट सरळ झालीच नाही.

"कालच्या दिवेलागणीपासून खुर्चीत हाय तो," ती म्हणाली. "महिनाभर कसाबसा ओढून टाकला, आता मले एकलीले होत नाही."

मी अंगणात येऊन उभा राहिलो. राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आली.

"मावशी, हे दुकानात काऊन नाही सांगितलं? एका शब्दात सांगितलं असतं तं..."

"चार लोकाइपुढं काय सांगू? माह्या पोराले उचलाले मानूस नाई म्हून?" ती ओट्यावर बसली. "आन सांगून का होते रे बाप्पा? तो पडला तवा पयले दोन महिने सारं गाव येत होतं. मंग निम्मं झालं. मंग कोनी नाई. त्याइचा बी दोष नाई, ज्याले त्याले वावर हाय. मंग हा डबा आनला. तवापासून पोट्टे पुन्हा येऊ लागले. खेळाले येत. चारपाचले येत, दिवे लागतवर आरडाओरडा करत आन जातांनी दोघं मिळून याले खाटेवर टाकून जात. बोलता बोलता टाकत, जसं पानी पिऊन गलास ठेवते मानूस. कोनी उपकार म्हून केलं नाई, म्हून तं तीन वर्सं चाललं."

मग तिने सीड्यांचं सांगितलं. आमच्याकडे शेतात सावड करतात. आज माझी बैलजोडी तुझ्या वावरात, उद्या तुझी माझ्या वावरात. एकट्याला सगळं परवडत नाही म्हणून चौघं मिळून भागवतात. तशीच या पोरांनी सीड्यांची सावड केली होती. दर वेळी एकाने एकच घ्यायची आणि सगळ्यांनी फिरवायची. आणि सीड्या ठेवायच्या कुणाकडे? जो कायम घरी असतो त्याच्याकडे. म्हणजे कोणालाही गेम बदलायचा असला की भागवतच्या घरची पायरी चढावीच लागे. एक ठेवायची, दुसरी न्यायची, आणि आलाच आहेस तर बस, दोन डाव होऊ दे.

ही सगळी घडी मी महिनाभरात मोडली होती. वर पेढे खाल्ले होते.

"जुना डबा आणला आहे मी," मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"आन त्या दोघाइचं काय? त्याइच्या घरी तं नवेच हायेत ना? आन त्याइच्या सीड्या कोठी हायेत?"

"माझ्या दुकानात."

तिने तांब्या उचलून बाजूला ठेवला. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

"मी बदलून देतो त्याइले," मी म्हटलं. "आत्ता जातो. व्हॅनमधे प्रज्वलचाही डबा टाकून आणतो उद्या. मी समजावतो."

"यातलं काई सांगू नको पन त्याइले," ती म्हणाली. "भागवतनं मले शपथ घातली हाय. दया करून आलेला मानूस त्याले नको."

म्हणजे पाहा माझी गत. हे पाच वर्षं ओरडून ओरडून नवं विकणारं तोंड, आणि आता त्याच तोंडाने जुनं विकायचं, तेही कारण न सांगता.

दीपकचं घर गल्लीच्या टोकाला. तो नव्या डब्यावर क्रिकेट खेळत बसला होता, कानाला हेडफोन. मला पाहून त्याने तो काढून गळ्यात घातला. मी त्याच्यापुढे जुना डबा ठेवला. गोजरबाईनेच मला तो आधी दीपककडे न्यायला सांगितलं होतं. पहिले त्याले दे, म्हणाली, त्याच्यापाशी तसाच नसंन तं सीडी बदलाले कोन येईन, माह्याइथं ठेवून का करू.

"दीपक, तू हा वापस घे. नवा मले दे. सारी सूट वापस करतो, वरून काही लागलं तर तेही देतो."

"काऊन?"

"जुना मजबूत असते."

"तुमीच तं म्हनले होते का जुना म्हंजे भंगार म्हून."

"म्हटलं होतं. गाढव होतो."

"शेखरभाऊ, नवा मस्त चालू राह्यला. मले नाई देना लागत."

"अबे, घे म्हनतो ना!"

मी ओरडलोच. त्याची बायको आतून डोकावली. दीपक माझ्याकडे पाहत राहिला. दुकानदार फुकटात जुनी वस्तू देण्यासाठी घरी येऊन ओरडतो आहे, असं त्याने आयुष्यात पाहिलं नसावं. शपथ भागवतने आईला घातली होती, मला नव्हती, असा विचार मनात येत होता. तरी मी ती मोडली नाही. एवढंच विचारलं, "भागवतकडे कधी गेला होतास शेवटचा?"

"मी? महिना झाला असंन. पन बोलनं रोज होते ना, खेळता खेळता. आता तीन दिवस झाले दिसला नाई, म्हटलं लाइन गेली असंन."

"त्याले खुर्चीतून खाटेवर कोण घेते?"

"प्रज्वल जाते ना रोज. भागवतच सांगते मले. मी इचारतो, तं म्हनते आत्ताच पज्यानं टाकून देलं, तू नको येऊ, खेळ तू."

मी जुन्या डब्याची वायर गुंडाळायला लागलो. दीपक माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता आणि पाहता पाहता त्याचा स्वतःचा चेहरा उतरत गेला. त्याने मोबाइल उचलला, प्रज्वलला लावला, स्पीकरवर टाकला.

"पज्या, काल भागवतकडे गेलता का तू?"

"मी?" पलीकडून प्रज्वलचा आवाज आला. मागे मोटर चालू होती, वावरात असावा. "मी कोठी जातो? तू जातं ना रोज. मले भागवतच म्हने, दीपक येऊन गेला, काळजी नको करू म्हून."

दीपकने मोबाइल या हातातून त्या हातात घेतला.

"दीप्या? अबे, जातं ना तू?"

"नाई," दीपक म्हणाला. "मी बी नाई गेलो."

मोटर बंद झाल्याचा आवाज आला. मग फोनच बंद झाला.

दीपकने हेडफोन गळ्यातून काढला आणि तसाच खाली टाकला. टीव्हीवर खेळ चालूच होता, कोणी तरी आउट झाल्याचा गलका होत होता. त्याने चपलाही घातल्या नाहीत. मी डबा उचलून त्याच्या मागे निघालो, धावतच, कारण तो धावत होता. गल्लीच्या दुसऱ्या बाजूने, गावाला लागूनच असलेल्या वावरातून प्रज्वल आला, पाय चिखलाने भरलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. एकामागे एक आत शिरले.

मी अंगणातच थांबलो. आत त्या तिघांच्या मधे मी कशाला? भागवतचा आवाज बाहेर आला, चिडलेला. "कोनं सांगतलं बे तुमाले? कोनं?"

"तू खोटं काऊन बोल्ला बे?" हा दीपक. "महिनाभर खोटं बोलू राह्यला तू, लाज नाई वाटली?"

"मंग का सांगू? या आन मले उचला म्हून सांगू?"

"हाव! तेच सांग ना! तेच सांगाचं असते!"

मग तिघंही एकदम बोलायला लागले आणि शिव्या सुरू झाल्या, कबड्डीच्या मैदानावर असतात तशा. मग कुणाचा तरी आवाज फुटला. कोणाचा ते मला ओळखता आलं नाही, आणि मी ओळखायचा प्रयत्नही केला नाही. माझे डोळे भरून आले होते आणि स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

थोड्या वेळाने गोजरबाई बाहेर आली. पदराने तोंड पुसलं. मी डबा छातीशी धरून तसाच उभा होतो. मी म्हटलं, "मी नाही सांगितलं मावशी. खरंच."

"मालूम हाय." तिने डबा घेतला. "प्रज्वलचा बी आनून दे. आन सीड्या."

"उद्याच आणतो. साऱ्या घेऊन येतो."

"साऱ्या नको."

"म्हंजे?"

"एका खेपेले एकच आनजो. चारपाचच्या टाइमाले ये. ते पोट्टे आज आले, उद्या येतीन, मले त्याचा भरवसा हाय. पन कपाशी वेचाले लागली का त्याइचं काई सांगता येत नाई. तू अंगानं मजबूत हायेस."

"मावशी, एकोणीस सीड्या आहेत!"

"हाव," ती म्हणाली, "मोजल्या व्हत्या मी," आणि डबा घेऊन आत गेली.